धामणीच्या नावावर घातलेलं मरण

बा, तू गेलास त्या सकाळी काकाने लाकडांच्या ढिगातून एक धामण ओढून काढली आणि अंगणात ठेचली. तू स्वतःच जीव दिला होतास, हे तिघांनाच ठाऊक होतं: आईला, काकाला आणि बारा वर्षांच्या मला. पण सूर्यमाळच्या पाड्यांवर पान लागून, म्हणजे साप चावून, माणसं मरतात आणि त्यात कुणाची मान खाली जात नाही. म्हणून काकाला साप हवा होता. येणारा प्रत्येक जण आधी तिला एक काठी हाणायचा, मग तुझ्यापाशी बसायचा. दुपारपर्यंत तिचा चिखल झाला.

धामणीला विष नसतं, हे आपल्याकडे शेळ्या राखणाऱ्या पोरांनाही माहीत. कोणी बोललं नाही. मी बोलले. "काका, ही त धामण हाय." काकाने त्याच काठीने माझ्या कानावर मारलं. रक्त मानेवरून पोलक्यात उतरलं. आई म्हणाली, "परत बोललीस त जीभ कापीन." त्या कानाने मला आजही कमी ऐकू येतं. मला तुम्हा सगळ्यांचा राग आहे, बा, तुझाही.

गेल्या महिन्यात आईचा जव्हारला फोन आला. मी इथे शाळेत शिकवते. तू गेलास तेव्हा झोळीत असलेला तुझा मुलगा नागलीची लावणी सोडून आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी पोचले तर दोघा शेजाऱ्यांनी त्याचे हात दाबून धरलेले, आणि काका घमेल्यातल्या निखाऱ्यांवर मिरच्या टाकून त्याच्या तोंडाशी धूर धरतोय. "बाहेरचं लागलंय त्याला," म्हणाला. मी घमेल्याला लाथ घातली. निखारे उडाले, माझी पोटरी भाजली. काका काठी उगारून आला, ती मी हिसकावून मोडली आणि दारात जमलेल्या सगळ्या पाड्यादेखत ओरडले, "माझा बा पान लागून नाय मेला. त्यानं जीव दिला. आजारी होता तो, आणि आपण त्याला आळशी म्हणत होतो." आईने केस धरून मला खाली पाडलं. तेव्हा भाऊ खोकत उठून बसला. "ताई," तो म्हणाला, "मला बी रोज तसंच वाटतं." आईचे हात सुटले.

आता तो माझ्याकडे असतो. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. कधी अर्धी भाकर खातो, कधी ताट भिंतीवर फेकतो. मी त्याच्यावर खेकसते, मग दोघं मिळून भिंत पुसतो. आई येऊन राहते. कोणी विचारलं तर आजाराचं नाव सांगते. परवा त्याने विचारलं, "बा हे कधी कुणापाशी बोलला होता का?" मी नाही म्हटलं. खरं तर तू माझ्यापाशी बोलला होतास, आदल्या दिवशी, बांधावर. "पोरी, मला आता जगावंसं वाटत नाय." मला भूक लागली होती. "बा, घरी चल ना," म्हणून मी पुढे चालू लागले. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.