सेट झालास का?

मंगळवार, दिवेलागण. बोरीवली.

उद्या पुन्हा मनालीला निघतोय, तिथल्या हॉस्टेलच्या कामाला. आईला अजून सांगितलेलं नाही. जीभच रेटत नाही.

त्यात जिन्यात सावंतकाकूंनी अडवलं. "काय रे, सेट झालास की नाही अजून?" त्यांचं सेट म्हणजे नोकरी आणि बायको. माझ्या दोस्ताचं, पक्याचं सेट म्हणजे पोरगी पटली. सलूनवाल्याचं सेट म्हणजे केस बसले. एवढासा शब्द, कुणाकुणाची कामं करतो यार! मी मात्र कशातच बसत नाही. माझे तर केससुद्धा बसत नाहीत.

असो. घरात आलो तर ओट्यावर दह्याचं भांडं झाकून ठेवलेलं. सवयीने उचलायला गेलो.

"हलवू नको रे मेल्या, सेट होतंय!" आई ओरडली.

म्हटलं, "बघ, दहीपण माझ्याआधी सेट."

ती हसली नाही. "सकाळपर्यंत व्हायला हवं. नाहीतर निघताना तुझ्या हातावर काय घालू?"

बॅग पलंगाखाली लपवली होती. पण तिथला केर तीच काढते, हे कसं विसरलो मी?

भांड्यापासून लांब, हलायचंसुद्धा नाही असं ठरवून बसलोय.