प्रमाण पुडीला लागलेली कूलरची हवा

४ मे १९७४
कलकत्त्याहून कुपी आली. एवढी मोठी पेटी, पेटीत कापूस, कापसात करंगळीएवढी बाटली, बाटलीत चिमूटभर पांढरी पूड. आमची ही म्हणे, "एवढ्याशासाठी एवढा बारदाना?" सूनबाईनं, विमलनं, समजावलं. "आई, हे शुद्ध औषध आहे. लकडगंजातल्या वजनमाप कचेरीत शिक्का मारलेला किलो असते ना, तसं. याच्याशी ताडून आपल्या गोळीतलं औषध मोजाचं." मला एका दमात कळलं. कंपाउंडरकी करत शिकलो, काटा ओळखतो.

विमलनं बी. फार्म. होऊन आमच्या गोळ्यांच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत प्रयोगशाळा मांडलीय. सरकारी औषध-इन्स्पेक्टरसाहेब हत्तीपायाच्या गोळ्यांचा नमुना तपासायला नेणार. त्यांचा आकडा नि विमलचा जुळला, तर मान्यता. नाही तर प्रत्येक लॉट तपासायला मुंबईला, अन् त्या खोलीत पुन्हा पोती.

७ मे
साहेब नमुना घेऊन गेले. ऊन म्हणजे नुसती भट्टी. विमल काट्यापुढे घामाघूम. पाहवेना. खसचा कूलर ओढत नेला, तिच्या दाराशी लावला, बादल्या ओतल्या. पोर निवांत तोलत बसली. माझंच काळीज गार.

८ मे
गोळीत औषध शंभराला एकशे सहा! पेढे आणायला चप्पल घातली, तर विमल डोक्याला हात लावून.
"मामाजी, जास्त कुठून येईल? आपण तेवढं टाकलंच नाही."
"लक्ष्मीचा हात असंल वं बाई."
हसली नाही. जेवलीही अर्धीच.

९ मे
सकाळी पूड पुन्हा काट्यावर. बसल्या जागी वजन वाढून राहिलं! विमलची नजर हळूच कूलरवर गेली. मग माझ्यावर.
"ही पूड हवेतलं पाणी पेते, मामाजी. मापच ओलं झालं, त्यात औषध कमी नि पाणी जास्त, म्हणून त्याच्यापुढे गोळी भारी दिसली."
"म्हणजे तुझ्या मापाले मीच पाणी पाजलं?"
"पाजलं ना! खसच्या वासासकट."
आणि अशी हसली की हातातला चिमटा पडला. ही रांधणीतून ओरडली, "काहून खिदळून राहिले तुम्ही दोघं?"

११ मे
पूड सुकवली. कूलर अंगणात. दारं-खिडक्या बंद. ही ओला पंचा घेऊन गेली, तर आतून हुकूम, "आई, पाणी बाहेर!" नवा आकडा नव्याण्णव. कागद साहेबांकडे पाठवताना पाहिलं, तर एकशे सहाही लिहिलेलं. कूलरसकट!
"हे काहून लिहिलं वं? नापास करतील ना."
"झालं ते लिहाचं, मामाजी."
छाती फुगली, लिफाफ्याला डिंक मीच लावला.

१८ मे
साहेबांकडून अजून काही उत्तर नाही. मी आपला पेंटर बोलावला. 'विमल प्रयोगशाळा', निळी अक्षरं, झकास. विमल चिडली, "मान्यता तर येऊ द्या!" म्हटलं, तुझं नाव खोटं आहे काय? वर 'मान्यताप्राप्त'साठी वीतभर जागा सोडायला लावलीय. पेंटर विचारे, "काका, रंगाचा डबा नेऊ का ठेवू?"
म्हटलं, "ठेव गा. झाकण घट्ट लाव."