सोमवारीच भरलेला शनिवार

तर पप्पा, मॅनेजरची किळस नाही आली मला. तो पहिल्यापासून समोरून वाकडा आहे, निदान लपवत तरी नाही. किळस आली ती माझ्याबरोबर रोज डबा खाणाऱ्या तिघांची.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो. आता चाकणला एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे, ट्रेनी इंजिनिअर. मोशीतून तुम्ही पकडायचात तीच बस पकडतो. प्रेस मशीन तुम्हाला काय सांगायचं! दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पत्रा कापणारा डाय खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. आमच्या चार नंबरच्या मशीनला एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलंय. एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण. स्पीड वाढतो ना! त्यावरचे काका परभणीकडचे. मी पट्टी काढायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या हो साहेब. दोन्ही हातानं दाबत बसलो तर टारगेट कव्हा व्हायचं? मग तुमीच वरडता." आणि मशीनला लटकवलेल्या सेफ्टी चेकशीटवर 'ओके'चा टिकमार्क रोज. रोज कसला, सोमवारी सकाळी एकदाच, शनिवारपर्यंतचे सगळे. सगळ्यांना माहितीये. डब्याला विषय काढला तर तिघंही पेटले. "भावा, तू फक्त सुरुवात कर, आपण सगळे बोलू." एक तर म्हणाला, "काकांची बोटं गेली तर आपल्याला झोप लागेल का रे?" मला इतकं भारी वाटलं, पप्पा!

बुधवारच्या मीटिंगमध्ये मी ती शीट टेबलावर ठेवली. म्हटलं, सर, शनिवार अजून यायचाय, तो पण ओके आहे. मॅनेजर गोड हसला. "बरं. अजून कुणाला काही प्रॉब्लेम?" मी तिघांकडे बघतोय. एक पेनाचं टोपण उघडतोय, बंद करतोय. दुसरा मोबाईलमध्ये. आणि तो झोप न लागणारा म्हणतो, "सर, हा नवीन आहे, जरा ओव्हर करतो." सगळे हसले. बाहेर आल्यावर त्यानंच खांद्यावर हात टाकला. "राग नको मानू राव, पुढच्या महिन्यात कन्फर्मेशन आहे आपलं."  त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

सहावीत माझ्या डायरीत टीचरनं तक्रार लिहिली होती, आठवतंय? इंग्लिशमध्ये होती, म्हणून मी म्हटलं, "पिकनिकचं आहे, सही करा." तुम्ही पेन काढला आणि मला ओट्याजवळ उभं करून एकेका शब्दाचा अर्थ विचारत बसलात. मम्मी पोळ्या लाटता लाटता हसत होती. तिसऱ्या ओळीत मी पकडला गेलो. "सही म्हणजे मी स्वतः बघितलं," तुम्ही ओरडलात, "न बघता बघितलं म्हणायचं कुठं शिकलास?" मला तेव्हा वाटलं होतं, यांना इंग्लिश येत नाही म्हणून राग माझ्यावर काढतायत.

गुरुवारी मी पट्टी स्वतः काढली, शीटवर 'नॉट ओके' लिहिलं आणि मशीन बंद करायला लावलं. तासभर. काका माझ्यावरच चिडले, तिघं लांबूनच निघून गेले. दुपारी बघतो तर नवीन पट्टी, नवीन शीट, पुन्हा शनिवारपर्यंत ओके. मी दोन्हींचे फोटो काढलेत. उद्या एचआरनं बोलावलंय, तिथं दाखवणार आहे.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहितो. जॉइन झाल्यावर पहिले दोन महिने त्या शीटवरचे टिकमार्क माझेच आहेत. कुणीतरी पेन दिला, मी सोमवारी बसून मारले. मशीनजवळ गेलोही नव्हतो. उद्या हे बोललो तर ते मलाच बाहेर काढतील आणि पट्टी तिथंच राहील. नाही बोललो तर त्या तिघांना नावं ठेवणारा मी कोण? तुम्हाला काय वाटतं पप्पा, सांगू?