पुन्हा सुईण

प्रिय चिंगे,

मावशी फोनवर म्हणते, "शेजारीच बसलीय, पण बोलायचं नाही म्हणते." ठीक आहे, रागाव. पत्र मात्र वाचशील. हातात पडलेला कागद न वाचता टाकणं तुला कधी जमलेलं नाही.

तर, तुझी आई पुन्हा सुईण झाली! मंगळवारी सकाळी माझ्या हातावर इथलं पहिलं बाळ आलं. मुलगी. अशी कडाडून रडली की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिची काळजी नको."

इथे आले तेव्हा एकोणीस वर्षांचा अनुभव सांगायला तोंड होतं, दाखवायला कागद नव्हता. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ब्लँकेट मागायला गेले. टेबलापलीकडच्या बाईंनी ते दिलं आणि विचारलं, "तुम्हाला काम काय येतं?" कित्येक महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मला रडू फुटलं. मग त्या हात धुऊन मागे लागल्या. आमच्या जुन्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना तिसऱ्याच देशात हुडकून त्यांचं पत्र आणवलं, मला भाषेच्या वर्गात बसवलं. वर्षभर इस्पितळात ट्रे धुतले, चादरी बदलल्या. तोंडी परीक्षेत एकदा आपटले. बाळंतिणीला 'जोर लावा' म्हणायचं, ते मी 'चालत्या व्हा' म्हणाले! परीक्षक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. दुसऱ्या खेपेला पास.

आणि ते दुसरं. घर सोडून पळताना तू तापाने फणफणली होतीस, पुढचा प्रवास तुला झेपला नसता, म्हणून सीमेपलीकडे मावशीकडे ठेवलं. आठवड्यात न्यायला येते म्हणाले. सीमा बंद झाली आणि आठवड्याची चार वर्षं झाली. तू दाराकडे बघत बसायचीस, हे मावशीने फार उशिरा सांगितलं. त्यावर माझ्याकडे सबब नाही.

संस्थेच्या वकीलबाईंनी तुला इथे आणायचा अर्ज केला होता. दोनदा फेटाळला गेला, त्या दोनदा भांडल्या. काल मंजूर झाला. पण तू आता अठराची. माझी सही चालत नाही, तुझीच लागते. गुरुवारी त्यांच्या तिथल्या शाखेची एक मुलगी फॉर्म घेऊन येईल. आग्रह करू नकोस, असं मावशीला बजावलंय. मी तुला न विचारता सोडून गेले. न विचारता बोलावणार नाही. यायचं नसेल तर तसं लिही. पण चिंगे, तुझ्या हाताने लिही.

तू बोल, नाहीतर नको बोलूस, तुझीच,
आई