गाडीखालचा पुठ्ठा

नांदेड, ७ जानेवारी २०२४

चि. शिवगंगास, दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर आई जवळच असते, म्हणून मनातलं पत्रात लिहितो. अप्पांना जाऊन महिना होत आला. कामावर जातो, पण मधेच डोळे भरून येतात. तुझी अंबिकावहिनी समजूत घालते आणि स्वतःच रडते.

एक विचारतो, रागावू नकोस. अप्पांच्या छातीत दुखलं म्हणून तू त्यांना लातूरला घेऊन निघालीस. नळेगावच्या अलीकडे इंजिन तापून गाडी बंद पडली आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत अप्पा गेले. मेकॅनिक म्हणतो, इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट कितीतरी दिवस थेंब थेंब गळत होतं. रात्री इंजिनखाली पुठ्ठा ठेवायचा आणि सकाळी डाग पडलाय का बघायचं, हे अप्पांनी तुलाच शिकवलं होतं ना? मग तुला डाग दिसला कसा नाही?

तब्येत सांभाळ. माया आहे म्हणूनच विचारलं.

तुझा,
रुद्रेशदादा

उदगीर, १३ जानेवारी

ती. दादास, शिवगंगाचा शि. सा. शरणार्थी.

वि. वि. तुझं पत्र वाचून खूप रडले. पुठ्ठा मी रोज ठेवत होते रे. ही पोरगी गाडीला नैवेद्य दाखवते म्हणून तूच चिडवायचास. पण सकाळी बघावं तर तो कोरा असायचा.

गाडी दुरुस्त होऊन आली, तसा सवयीने परवा पुन्हा पुठ्ठा ठेवला. पहाटे जाग आली तर आई सडा टाकायला अंगणात आलेली. तिने तो पुठ्ठा काढून टाकला आणि साबणाच्या खोक्याचा नवा सरकवला. रोज बदलतेस का, असं मी सहज विचारलं. हाव म्हणाली. मधी हिरवे डाग पडायले होते, लई वंगाळ दिसायचे, अप्पा पूजेच्या आधी अंगणात येतात, त्यांच्या नजरेला कशाला पडू द्यायचे, म्हणाली. 'येतात' असंच म्हणाली.

फरशी खराब होऊ नये म्हणून आपण पुठ्ठा ठेवतो, असं तिला वाटतं. खरं कारण आपण कुणीच तिला कधी सांगितलं नाही. तिला अजून काहीच कळलेलं नाही, दादा.

वहिनींना नमस्कार. आठवण ठेव.

तुझी,
गंगा

नांदेड, १८ जानेवारी

चि. गंगास, अनेक आशीर्वाद.

वि. वि. मागच्या पत्रात तुला टोचून बोललो, माझं चुकलं. पण सगळं तू एकटीनेच का सोसायचं? तारामती मावशी तर नात्यात सगळीकडे सांगत सुटली आहे की, पोरीने गाडी बघितली नाही म्हणून बाप गेला. हे मला ऐकवत नाही. सोमवारी, २९ तारखेला उदगीरला येतो आणि आईला पुठ्ठ्याचं खरं कारण शांतपणे समजावून सांगतो.

तोवर जिवाला जप.

तुझा,
दादा

उदगीर, २० जानेवारी

ती. दादास, शि. सा. शरणार्थी.

वि. वि. तू म्हणतोस ते करू नकोस.

मावशीचं बोलणं आईच्या कानावर आलं. काल संध्याकाळी तिने मला सरळच विचारलं की, त्या दिवसांत तू गाडी बघितली होतीस का. मी म्हणाले, राहून गेलं. रात्री ती जेवलीच नाही. मला वाटलं, आता ही माझं तोंडसुद्धा बघणार नाही.

आज सकाळी तिने मला जवळ बोलावलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली की, पोरी, म्या तुला माफ केलं, अप्पांनी बी केलं असंल. मी पोटभर रडले. खोटं बोलून मिळालेली माफी होती, तरी तिचा हात डोक्यावरून फिरत होता तेव्हा बरं वाटलं रे.

मला माफ करायला आई तरी आहे. तिला खरं कळलं, तर तिने माफी कुणाकडे मागायची? अप्पा तर गेले.

सोमवारी नक्की ये. तिच्यासमोर मात्र माझ्यावर थोडा रागावलेलाच राहा. लोभ मनातल्या मनात असू दे.

तुझी,
गंगा