नावातलं गाव

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी रस्त्याकडेला ते पिवळं फूल दिसलं की माझं डोकं तडकतं. भेंडीच्या कुळातलं, गुडघाभर उंचीचं साधं रानझाड. सत्तरच्या दशकात कॉलेजच्या रामटेक सहलीत मी ते उपटून आणलं, तेव्हा तुम्ही लांबूनच 'चिकणा' म्हणून मोकळे झालात. वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांना वाकायचे कष्ट कोण देणार? मीच फुलाखालच्या तीन बारीक हिरव्या पट्ट्या दाखवल्या. चिकण्याला त्या नसतात. मग तुम्ही घसा खाकरून खरं शास्त्रीय नाव सांगितलंत, जणू तेच सांगायला निघाला होतात.

पुढे नमुना दाबून, वाळवून त्याखाली चिठ्ठी लावायची होती. मूळ प्रदेश म्हणून मी अमेरिका लिहिलं आणि तुम्ही तो कागद सगळ्या वर्गासमोर नाचवलात. "काहून वं, नावातच कोरोमंडल लिहून हाये. आपला पूर्वेचा किनारा! अन् तू अमेरिकेत काय पाहून राहिली?" मी सांगतेय की याची सगळी जवळची भावंडं तिकडचीच आहेत. गडावरच्या जंगलात हे एकही दिसलं नाही, पायथ्याशी गाड्या थांबतात तिथे मात्र माजलंय. शहराबाहेर वाडीला माझ्या खोलीसमोर, ट्रकच्या गोदामांपाशीही तेच. नाव ठेवणाऱ्याला ते आपल्या किनाऱ्याचं वाटलं असेल, तेवढ्यानं ते इथलं होत नाही. तुम्ही टेबलावर बोटं वाजवताय. शेवटी माझा तोल गेला.

"सर, तुमच्या आडनावात कोकणातलं गाव हाये. तुम्ही तं इथल्या महाल मोहल्ल्यात जन्मले. पाहिलं का कधी ते गाव?"

वर्ग फिसकन हसला. तुम्ही दाराकडे बोट केलंत. विभागात डेमॉन्स्ट्रेटरची जागा मला देण्याचं तुम्ही आधी कबूल केलं होतं, तीही गेली. ती मिळाली तुमच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्या एका नंदीबैलाला. मी तालुक्याच्या शाळेत सातवीला बेडूक शिकवत बसले. इतका हलका माणूस इतक्या मोठ्या खुर्चीत कसा मावला, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे एका जाडजूड ग्रंथात छापील पुरावा सापडला. मूळ प्रदेश उष्णकटिबंधीय अमेरिका, स्पष्ट लिहिलेलं. तो पिशवीत घालून मी नंदनवन कॉलनीत तुमच्या घरी आले. काकूंनी दार उघडलं. "ते तं मागच्या महिन्यातच गेले वं," म्हणाल्या. मला रडू आलं नाही, राग आला. तिथेही पळ काढलात.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. त्या दिवशी मी तुमचं नाक कापायला आले होते, असं सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे 'तुझं बरोबर होतं' एवढं ऐकायला आले होते. पुढे पुष्कळांनी म्हटलं. पण मला ते तुमच्याच तोंडून हवं होतं.