पाइप ऑर्गनचा प्रसिद्धीप्रमुख

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून मी प्रसिद्धीप्रमुख! माझ्या जुन्या ऑफिसातल्या पद्मजा उजागरे चर्चमध्ये पाइप ऑर्गन वाजवतात. भिंतभर पाइप, हातांनीही वाजवायचं, पायांनीही. वाजवणारे संपत चाललेत, म्हणून बाईंनी नव्यांसाठी वर्ग काढलाय. महिनाअखेर पाच विद्यार्थी जमले नाहीत तर ट्रस्टी वर्ग बंद करणार. आत्तापर्यंत एकही नाही. बाई रडवेल्या झाल्या. म्हटलं, हा गंगाधर कशाला आहे? वाडीच्या गणपतीची प्रसिद्धी इतकी वर्षं कोण करतंय?
ही म्हणाली, गणपतीला गर्दी तुमच्यामुळे होते होय? लक्ष दिलं नाही.

५ नोव्हेंबर
ठाकूरद्वार नाक्यावर फ्लेक्स झळकला. मध्यभागी मी, हात जोडून. खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी वाडी. एकाला वगळलं तर वर्षभर तोंड फिरवेल. ऑर्गनला जागा उरली नाही, कोपऱ्यात बसवलाय. पेटीएवढा दिसतो. चालायचंच.

६ नोव्हेंबर
फ्लेक्स बघून धडाधड फोन! सगळ्यांचा एकच प्रश्न, कुठल्या वॉर्डातून उभे राहताय? वातावरण तयार होतंय.

१० नोव्हेंबर
सोळा तारखेला चर्चच्या हॉलमध्ये जाहीर कार्यक्रम, प्रेससकट. बाई म्हणाल्या, मी पाच मिनिटं वाजवते, तेवढं पुरे. भोळ्या आहेत बिचाऱ्या. शाल-श्रीफळाशिवाय कार्यक्रम म्हणजे मिठाशिवाय आमटी. वाजवणं एकदम शेवटी ठेवलंय, म्हणजे पब्लिक हलत नाही. लालबागच्या दीपक साउंडवाल्याला बजावलं, भाषण रस्त्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

१६ नोव्हेंबर, दुपार
संकल्प: भाषण दहा मिनिटांतच आटोपायचं.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
कार्यक्रम फर्स्ट क्लास. ट्रस्टींचे सत्कार, फ्लेक्सवाल्याचा सत्कार, दीपकचाही. भाषण किंचित लांबलं. पेपरची वार्ताहर मनवा आली होती, गुणी मुलगी. दोनदा विचारलंन, काका, ऑर्गन कधी? म्हटलं, आभारप्रदर्शनानंतर, बाळा. आभारप्रदर्शनात ती उठलीच. शाल घेऊन बस स्टॉपपर्यंत धावलो. तिथे तिला माझं सगळं कार्य नीट समजावलं. ती म्हणाली, काका, तुम्ही दमलात, घरी जा. तसाच घरी आलो. घसा बसलाय. मागे हॉल रिकामा झाला म्हणे. बाईंचं वाजवणं बहुतेक राहिलं.

१७ नोव्हेंबर
दीपकचा फोन. काल सगळे पांगल्यावर बाई एकट्याच वाजवत बसल्या. हा वायरी गुंडाळायचं विसरून ऐकत राहिला, माइक चालूच. आवाज थेट रस्त्यावर. काका, काय सांगू, अंगावर काटा आला, म्हणाला. बस स्टॉपवरची माणसं आत शिरली, मनवासुद्धा. चौघांनी तिथल्या तिथे नावं दिली.
माइक कोणी लावायला सांगितला होता? मी!
पण चारच. एकासाठी वर्ग बुडाला तर बाईंना तोंड कसं दाखवू?

२४ नोव्हेंबर
टार्गेट: एक विद्यार्थी. सगळ्या ग्रुपांवर माझा फोटो आणि चर्चचा फोटो टाकला. रिस्पॉन्स जबरदस्त. बरेच नमस्कार, आणि तिघांकडून 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नायगावच्या मेव्हण्याने तर हिला फोन करून हंबरडा फोडला. मीच उचलला असता तर बरं झालं असतं.

२९ नोव्हेंबर
अजून चारच. तोंड पाडून बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, गंगाधरराव, पाचवं नाव तुमचं घातलंय. अट एकच, वर्गात बोलायचं नाही.
भरून आलं. तरी बोललो नाही. प्रॅक्टिस.

३ डिसेंबर
पेपरात बातमी! फोटोत मी, ऑर्गनच्या बाकावर, पाय पेडलपर्यंत पोचवण्याच्या खटपटीत. खाली 'एक ज्येष्ठ विद्यार्थी'. नाव नाही. हिने चष्मा लावून मथळा मोठ्याने वाचला, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा:
'कोणतीही प्रसिद्धी न करता ऑर्गनचा वर्ग भरला.'